टाकाऊ वाद्यांपासून शिल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटक्या भोपळ्याचा तंबोरा, भाता गेलेली पेटी, बँडवाल्याच्या माळ्यावरचं चेपलेलं ट्रम्पेट. घरात असं काही निघालं की लोक फोटो पाठवतात आणि विचारतात, ‘याचं काही करता येईल का?’ पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान दुसरा, तिसरा आणि पंधरावा प्रश्न वाचाच.

१. हे नेमकं काय असतं? लाकडाची वीणा कोरणं आणि हे, यात फरक काय?

कोरलेली वीणा ही वाद्याची प्रतिमा असते. इथे प्रत्यक्ष वाजून थकलेलं वाद्यच शिल्पाचा माल होतं. नीसमध्ये जन्मलेल्या आर्मान या शिल्पकाराने १९६०च्या दशकात व्हायोलिनचे उभे-आडवे काप काढून ते मांडले. १९६२ साली त्याने एक पियानो फोडला आणि त्याचे तुकडे फळीवर जसे पडले तसेच बसवले. कॉर्नेलिया पार्कर या ब्रिटिश कलावतीने बँडमधून बाद झालेली पितळी वाद्यं लंडनच्या टॉवर ब्रिजच्या यंत्रणेखाली सपाट दाबून घेतली. ती २००१पासून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दोन मजल्यांमधल्या गोल झरोक्यात टांगलेली आहेत. वरच्या मजल्यावरून पाहा किंवा खालून मान वर करून पाहा, हवा भरायची जागाच उरली नाही हे दोन्हीकडून दिसतं. सिअ‍ॅटलमध्ये ट्रिंपिन या कलावंताने शेकडो गिटारींचा उंच भोवरा उभारला आहे, आणि त्यातल्या काही गिटारी यंत्राने वाजतात.

तिघांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत: एकाने कापलं, दुसरीने दाबलं, तिसऱ्याने रचलं. आपल्याकडे रचण्याची वाट मला सगळ्यात जवळची वाटते. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

२. वाद्य तोडणं म्हणजे सरस्वतीचा अपमान नाही का? घरातले मोठे तयारच होत नाहीत.

त्यांचं म्हणणं खोडून काढू नका. ज्या घरात खंडेनवमीला तबल्याला हळदकुंकू लागतं, वाद्याला पाय लागला तर हात जोडले जातात, तिथे करवत काढणं साधी गोष्ट नाही. ती अढी असलेली चांगली. अढी नसलेला माणूस चांगली वाद्यंही कापत सुटतो.

मी पाळतो तो नियम असा: जे वाद्य वाजू शकतं ते वाजलं पाहिजे. मग ते आपल्याला कितीही सुंदर दिसो आणि शिल्पात कितीही शोभो. जे कारागिराने हातात घेऊन ‘आता यात काही नाही’ म्हणून परत दिलं, तेच शिल्पासाठी घ्यायचं. असं वाद्य एरवी चुलीत, भंगारात किंवा उकिरड्यावर जातं. शिल्पात त्याला निदान नजरेसमोर जागा मिळते.

काम सुरू करण्याआधी वाद्य ज्यांचं होतं त्यांना बोलवा. त्यांना पूजा करायची असेल तर करू द्या. नंतरही त्यांचं मन तयार नसेल तर वाद्य परत द्या. घरातली एक व्यक्ती जरी दुखावणार असेल, तरी ते वाद्य तुमच्यासाठी नाही.

३. वाद्य दुरुस्तीपलीकडे गेलंय हे ओळखायचं कसं?

आपण ओळखायचं नाही, वाद्य बनवणाऱ्याला दाखवायचं. तरी दाखवण्याआधी थोडी कल्पना असावी.

तबल्याची पुडी (वर ताणलेलं कातडं) फाटणं म्हणजे तबला गेला असं नव्हे. पुडी बदलतातच. खोडाला आरपार चीर गेली असेल किंवा आतून भुंग्याने पोखरलं असेल, तर गोष्ट वेगळी. पेटीतून हवा गळत असेल, स्वर उतरले असतील, तर दुरुस्ती होते. व्हायोलिनची कडेची सांध उघडली तर घाबरायचं कारण नाही. ती सरसाने जोडलेली असते, कारण ती कधीतरी उघडावी लागणार हे गृहीतच असतं. पण कारखान्यातली स्वस्त गिटार, जिची मान ओढून वर आली आहे आणि तबली (पोटावरची फळी) फुगली आहे, तिच्या दुरुस्तीचा खर्च नव्या गिटारीपेक्षा जास्त होतो. अशी वाद्यं शिल्पासाठी निःशंक घ्या.

तंबोऱ्याचं मात्र घाईने ठरवू नका. मिरजेच्या कारागिरांकडे भोपळ्याला तडा गेलेले तंबोरे सतत येतात आणि ठिगळ लावून, पॉलिश करून परत गायला जातात. कधी अख्खा भोपळाच बदलतात. हे काम तिथे एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. दांडी पिळली असेल आणि कारागीर नको म्हणाला, तरच पुढचा विचार करा.

आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. वाद्य वाजत नसेल, पण दुर्मीळ असेल. घडण अनोळखी वाटली, कारागिराच्या नावाची जुनी चिठ्ठी आत दिसली, तर आधी एखाद्या संग्रहालयाला विचारा. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचा मोठा संग्रह आहे. तो एकदा पाहून आलात तर आपल्या हातात काय आहे याचा अंदाज येतो.

४. अशी वाद्यं मिळतात कुठे?

वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानामागे. तिथे तुटक्या खुंट्या, उतरवलेल्या पुड्या, गळक्या भात्यांचा ढीग असतो, आणि ओळख झाली की ते स्वतःहून बाजूला काढून ठेवतात. गणेशोत्सवानंतर ढोल-ताशा पथकांकडे फाटलेली पानं (ढोलाच्या तोंडावरची आवरणं) आणि पोचे आलेली पिंपं असतात. लग्नसराई संपली की बँडवाले बाद वाद्यं मोडीत काढतात. तुम्ही मोडीच्या भावापेक्षा थोडे जास्त दिलेत तर ते आनंदाने देतात. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईतला चोर बाजार आहेतच, पण तिथे ‘अँटिक’ म्हणून सांगितलेल्या वस्तूला दुप्पट पैसे जातात.

शाळांना विचारायला विसरू नका. संगीताच्या खोलीतलं कपाट उघडून बरेच दिवस झालेले असतात.

५. पहिल्यांदा करायचं तर कोणतं वाद्य घ्यावं?

मोडकी गिटार किंवा पेटीचा सांगाडा. दोन्हींचं लाकूड हलकं, सांधे समजायला सोपे, आणि हात चुकला तरी हळहळ कमी. तंबोरा आणि पियानोने सुरुवात करू नका.

६. हत्यारं कोणती लागतात?

बारीक दात्यांची करवत, पातळ पात्याची सुरी, पटाशी, पेचकस, पक्कड, शिकंजे, हातड्रिल. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला एन-९५ मास्क, हे हत्यारांइतकंच आवश्यक. शिसवीच्या भुशाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं आणि वाळलेल्या भोपळ्याची धूळ छातीत बसते. आतल्या काळ्या बुरशीसकट तो घासला तर त्रास फारच वाढतो.

७. तंबोरा किंवा सतार उघडायची कशी?

आधी तारा सैल करा. खुंट्या थोड्या थोड्या फिरवत सगळ्यांचा ताण बरोबरीने उतरवा. ताणलेली पोलादी तार कापली तर उसळून थेट डोळ्याकडे येते. तारा निघाल्यावर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बहुधा हातानेच सुटते. ती काढून लगेच वेगळ्या डबीत ठेवा. तिच्या माथ्यावर भिंग धरून पाहा: तारांनी पाडलेले बारीक चर दिसतील, आणि जवारीसाठी, म्हणजे तारेच्या घुमणाऱ्या झंकारासाठी, कारागिराने पुन्हा पुन्हा घासलेला उतार दिसेल. एखाद्या वाद्याचं सगळं आयुष्य तेवढ्या दोन बोटांच्या जागेत वाचता येतं. माझ्या मते घोडी कधी कापू नये, रंगवू नये आणि शिल्पात दिसेल अशीच बसवावी.

तबली आणि दांडीचे सांधे जुन्या वाद्यांत बहुधा सरसाचे असतात. उष्णता आणि ओल मिळाली की सरस मऊ होतो. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं सांध्यावर धरा, थांबा, मग पातळ सुरी हळू सरकवा. जोर लावला तर लाकूड फाटतं, सांधा सुटत नाही. आधी कुणी फेव्हिकॉलने दुरुस्ती केली असेल तर मात्र हा उपाय तितका चालत नाही. तिथे सांध्याला लागून करवत घालावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तंबोऱ्यावरची पांढरी वेलबुट्टी. ती बऱ्याचदा सेल्युलॉइडची असते आणि सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. तिच्यावर गरम हवेची बंदूक, झाळणी किंवा जोरात फिरणारं पॉलिशचं चाक चालवू नका. कोपरा बोटाने घासल्यावर कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड समजा. ती हस्तिदंत असेल का, ही शंका असेल तर पंधरावं उत्तर पाहा.

८. तबला, डग्गा, ढोलकी यांचं काय वापरता येतं?

जवळपास सगळंच. खोड आतून पोकळ असतं, त्यामुळे दिवा, बैठक, धड अशा कशालाही उपयोगी. डग्ग्याचं तांब्या-पितळेचं भांडं तर तयार घुमट आहे. उघडताना वादी (पुडी ताणून धरणारा चामड्याचा पट्टा) कापू नका. आधी हातोडीने गट्टे (वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे) ठोकून काढा, वादी सैल होईल, मग ती ओवली तशीच उलट ओढत काढा. पुरती निघाली की हाताशी लांबलचक चामडी दोरी येते. शिल्पातले भाग बांधायला तिच्याइतकं शोभणारं दुसरं काही नाही.

पुडी ओली करू नका. कातडं ओलं झालं की ढिलं पडतं आणि वाळताना वेडंवाकडं आक्रसतं. शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, लोहचूर आणि खळीची असते. पाण्याने ती सुटते आणि सगळीकडे काळे डाग पडतात. कोरड्या मऊ कुंचल्याने झटका, तेवढं पुरे. शाईला भेगा गेल्या असतील तर त्या तशाच राहू द्या. बोटांनी कुठे जास्त घाव घातले ते त्या भेगाच सांगतात.

९. पेटीतले स्वर वापरू का? किती सुंदर पितळी पट्ट्या आहेत!

सुंदर आहेत, म्हणूनच वापरू नका. जुने चांगले स्वर दुरुस्ती करणाऱ्यांना हवे असतात आणि ते दुसऱ्या पेटीत पुन्हा बोलतात. दुसऱ्या उत्तरातला नियम इथे सुट्या भागालाही लागू होतो. स्वर काढून कारागिराला द्या आणि बदल्यात त्याच्याकडचे तुटक्या जिभेचे स्वर मागून घ्या. शिल्पात दोन्ही सारखेच दिसतात.

बाकी पेटी तुमची. भात्याच्या घड्या वाळून तडकलेल्या असतील तर आतून मलमलची पट्टी चिकटवा, म्हणजे उघडझाप केली तरी तुटणार नाहीत. सुरांच्या पट्ट्या (बोटाने दाबायच्या) काढल्यात की त्यांच्या पोटाला बघा, बनवणाऱ्याने पेन्सिलीने घातलेले क्रमांक सापडतात. वरच्या बाजूला, ज्या पट्टीला षड्ज धरून वर्षानुवर्षं गाणं झालं तिच्या आसपास झीज जास्त असते. काळी चारमध्ये गाणाऱ्या घरातली पेटी आणि पांढरी एकवाल्या घरातली पेटी झिजेवरून वेगळ्या ओळखू येतात. त्या पट्ट्या पॉलिशला देऊन गुळगुळीत करणं म्हणजे त्या घराचं नाव पुसणं.

१०. पितळी वाद्यं घासून चकचकीत करावीत का? आणि जोडायची कशी?

चकचकीत करायचं की नाही हे आधी ठरवा, कारण एकदा पितांबरीने घासलं की जुना रंग परत येत नाही. माझा कल न घासण्याकडे आहे. हाताळणीच्या जागा आपोआप उजळलेल्या असतात आणि बाकीचं काळवंडलेलं असतं. हिरवा कळंक मात्र काढायला हवा, तोही मास्क आणि हातमोजे घालून. फुंकायच्या नळ्या आतून कोमट साबणपाण्याने धुवा. कित्येक वर्षांची थुंकी आणि बुरशी तिथे असते.

जोडण्यासाठी शक्यतो नट-बोल्ट, पितळी तार किंवा चिमट्या वापरा. झाळायचं असेल तर जाणत्याकडून करून घ्या. पितळेत जस्त असतं, जास्त तापलं की त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की ताप, थंडी, अंगदुखी होते. जुन्या जोडांत शिसंही असू शकतं. घरातल्या स्वयंपाकघरात हे काम करू नका.

११. सोसायटीत एक जुना पियानो फुकट देताहेत. घेऊ का?

माणसं आणि जागा असेल तरच. पियानोत २००हून अधिक तारा असतात. एकेका तारेवर साधारण ७० ते ९० किलोचा ताण, म्हणजे ओतीव लोखंडी चौकटीवर मिळून १५ ते २० टन. तारा कापून काढणं जिवावर बेतू शकतं. ट्यूनिंगच्या किल्लीने प्रत्येक खुंटी थोडी सैल करत, एका टोकाला थोडं, दुसऱ्या टोकाला थोडं, असा संपूर्ण चौकटीचा ताण उतरवावा लागतो. पियानो लावणाऱ्या माणसाला पैसे देऊन हे करून घ्या. चौकट ठिसूळ असते, पडली तर तडकते आणि साध्या वेल्डिंगने धड जुळत नाही.

फळ मात्र मोठं आहे. ८८ पट्ट्या, त्यांच्यामागचे नमद्याचे हातोडे, दांड्या. ही सगळी यंत्रणा तशीच उभी केली तरी पाहणारा थांबतो. पट्ट्यांवरचं पांढरं आवरण कशाचं आहे ते आधी पाहा (प्रश्न १५).

१२. लाकडात भुंगा आहे. बाकीच्या सामानाला लागेल का?

लागेल. नवं आलेलं वाद्य थेट कामाच्या खोलीत आणू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून काही आठवडे वेगळं ठेवा. पिशवीत ताजा पिवळसर भुसा पडला तर कीड जिवंत आहे. छोटे भाग पिशवीसकट घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये आठवडा-दोन आठवडे ठेवता येतात. मोठ्या भागांना बोरॅक्स-बोरिकचं पाणी लावा, पण कातड्यावर आणि शाईवर नको. पियानोतल्या नमद्याला कसर लागते, तो ब्रशने झाडून उन्हात ठेवा.

१३. शिल्प वाजलंही पाहिजे अशी इच्छा आहे. शक्य आहे का?

शक्य आहे, आणि वाऱ्यावर सोडण्यापेक्षा हाताने वाजणारं करा. वाऱ्याच्या झुळकीने पेटीचे स्वर बोलत नाहीत, त्यांना भात्याचा दाब लागतो. त्यापेक्षा एखाद्या खोडावर किंवा पिंपावर दोन-तीन तारा साध्या खुंट्यांनी ताणा, खाली घोडी द्या. लहान मुलं लगेच छेडतात. तारा कमी ताणावर ठेवा. तडकलेली तबली पूर्ण ताण सोसणार नाही, ती म्हणूनच बाद झाली होती.

१४. अंगणात ठेवता येईल का?

पितळ आणि ढोलाची लोखंडी पिंपं, हो. कातडं, भोपळा, भाता, नाही. पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी येते. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ असाल तर लोखंड आणि पितळ थेट एकमेकांना टेकवू नका. खाऱ्या दमट हवेत त्या जोडापाशी लोखंड झपाट्याने गंजतं. मध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती घाला.

१५. वाद्यात हस्तिदंत, सांबरशिंग किंवा घोरपडीचं कातडं असेल तर?

इथे थांबा. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा या सगळ्याला लागू होतो, आणि ‘आजोबांच्या वेळचं आहे’ एवढं सांगणं पुरत नाही.

जुन्या सतारी-तंबोऱ्यांच्या घोड्या सांबरशिंगाच्या किंवा हस्तिदंताच्या असू शकतात. उंटाच्या हाडाच्याही असतात आणि तो वेगळा विषय आहे. जुन्या पियानोच्या पट्ट्यांवर हस्तिदंताचे पातळ तुकडे असतात. भारतात १९८६ आणि १९९१च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद झाला, आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचाही. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, प्लॅस्टिकवर दिसत नाही. पियानोच्या पातळ तुकड्यावर मात्र ही खूण सहज सापडत नाही, म्हणून शंका आली की वन विभागालाच विचारा.

गोव्याचं घुमट हा सगळ्यात नाजूक प्रश्न. मातीच्या या वाद्याला परंपरेने घोरपडीचं कातडं चढवत. घोरपड कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. आता शेळीचं कातडं वापरतात, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. जुनं, घोरपडीच्या कातड्याचं घुमट दिसलं तर ते विकत घेऊ नका, घेऊन प्रवास करू नका, फोटो टाकून भाव विचारू नका. कातडं नसलेला मातीचा घट मात्र बिनधास्त वापरा. त्याचा आकार इतका पुरा आहे की त्यात भर घालण्याची गरजच वाटत नाही.

१६. वाद्य शंभर वर्षांहून जुनं असेल तर कायदा आडवा येतो का?

येऊ शकतो. १९७२च्याच पुरावस्तू कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून अधिक वर्षांची कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी इतकं जुनं वाद्य शिल्पासाठी घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. तिसऱ्या उत्तराचा शेवट पाहा.

१७. शिल्प अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात मुलाकडे पाठवायचं आहे.

आधी भागांची यादी करा: लाकूड कोणतं, कातडं आहे का, भोपळा आहे का. ऑस्ट्रेलिया कातडं, बिया आणि कीड लागलेलं लाकूड याबाबत फार कडक आहे. भोपळ्यात राहिलेली एक बीसुद्धा अडकवू शकते. शिसवीच्या जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळते, पण वाद्य मोडून केलेलं शिल्प ‘तयार वाद्य’ नाही, हे लक्षात ठेवा. लाकडी खोक्यावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा. पाठवण्याआधी पाठवणाऱ्या कंपनीकडून लेखी विचारून घ्या. पंधराव्या उत्तरातलं काहीही शिल्पात असेल तर पाठवूच नका.

१८. एका नामवंत गायकाच्या घरातला तंबोरा मिळाला आहे. नाव शिल्पाखाली लिहू का?

घराच्या लेखी परवानगीने. आणि गायकाच्या आधी ज्याने तो तंबोरा घडवला त्या कारागिराचं नाव लिहा. माहीत नसेल तर किमान गाव लिहा. सतारमेकरांची नावं दुकानाच्या पाटीबाहेर फार कमी वेळा छापली जातात.

१९. पुढे कुणाला ते भाग पुन्हा वाद्यासाठी हवे झाले तर?

असं होतं. एखाद्या कारागिराला नेमकी तशी जुनी खुंटी हवी असते, किंवा कुणाचा नातू आजोबांची घोडी परत मागतो. म्हणून घोडी, खुंट्या, मणी, पडदे हे भाग इपॉक्सीने कधी चिकटवू नका. स्क्रू, वादी, दोरा किंवा गरम पाण्याने सुटणारा सरस वापरा. शिल्पाच्या मागे एक चिठ्ठी ठेवा: कुठला भाग कुठल्या वाद्याचा, कुणाकडून आला, कसा सोडवायचा. आणि मागणारा आला, त्याच्याकडे वाजणारं वाद्य असलं, तर भाग काढून द्या. शिल्पात त्या जागी दुसरी खुंटी बसवता येते.